एक काठी आणि चार बोटं

घरी सराव करायचाय, किती फुटी टेबल घेऊ? हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, मासळी बाजारात विचारला गेलाय आणि एकदा तर मयताला गेलो होतो तिथेही विचारला गेलाय. विचारणाऱ्याचा दोष नाही. डहाणूपासून तलासरीपर्यंत आणि हद्द ओलांडून पार वापीपर्यंत पूलची टेबलं बसवणारा, त्यांचं कापड बदलणारा माणूस बरीच वर्षं मी एकटाच होतो. आता गुडघ्यांनी दगा दिला म्हणून काम सोडलंय, पण प्रश्न काही सुटत नाही. मी उत्तर देतो आणि देताना मान खाली घालतो. समोरच्याला वाटतं काका विचार करतायत. विचार कसला, लाज वाटते.

या अंकासाठी धंद्यातल्या गमतीजमती लिहून द्या, असं मला सांगण्यात आलं. एकदोन गमती सांगतो आणि मग लाजेकडे येतो, कारण मला खरं तर तेच लिहायचंय.

मी धाकटी डहाणूचा, तांडेल. घरचा धंदा मासेमारीचा, पण होडीत पाय ठेवला की माझ्या पोटात ढवळायचं. तांडेलाच्या पोराला समुद्र लागतो, ही गोष्ट गावात दोन पिढ्या हसायला पुरली असती. म्हणून वडिलांनी मला मुंबईला एका क्लबात चिकटवलं. तिथे मी मार्कर होतो. मार्कर म्हणजे मोठ्या लोकांच्या खेळाचे गुण मांडणारा, त्यांच्या काठ्यांना खडू लावून देणारा आणि साहेब हरले की दुसरीकडे बघणारा. फावल्या वेळात खेळायलाही शिकलो आणि टेबल उघडून जोडायलाही. पुढे गावी परत आलो तो हा हुन्नर घेऊन. तेव्हा गावात कोणालाच त्याचा उपयोग नव्हता. मग बोर्डी-घोलवडकडे बंगले झाले, पलीकडे कारखानदारांच्या वाड्या झाल्या आणि माझे दिवस आले.

बाहेरच्यांसाठी धंदा थोडक्यात सांगतो. घरगुती टेबल साधारण तीन मापांत मिळतं, सात फुटी, आठ फुटी आणि नऊ फुटी; हे माप लांबीचं, खेळायची रुंदी त्याच्या निम्म्याहून थोडी कमी. मोठ्या स्पर्धा नऊ फुटीवर होतात, म्हणून सगळ्यांना नऊ फुटीच हवं असतं. पण खोलीत टेबल मावणं वेगळं आणि त्यावर खेळता येणं वेगळं. खेळायची काठी अठ्ठावन्न इंचांची, म्हणजे पाच फुटाला दोन इंच कमी. बॉल कडेच्या रबरी गादीला चिकटून थांबला की जवळजवळ अख्खी काठी टेबलाच्या बाहेर येते आणि फटका मारायला ती आणखी मागे ओढावी लागते. मागे जागा नसेल तर काठीचं बूड भिंतीवर आपटतं. मग खेळणारा मागचा हात वर उचलतो आणि तिरका, वरून खाली मारतो. तिरक्या काठीने पांढरा बॉल सरळ जात नाही, वळतो. कधीमधी असं खेळलं तर बिघडत नाही. रोज खेळलं तर हात ते शिकतो.

म्हणून माझा नियम होता, गादीच्या कडेपासून भिंतीपर्यंत एक काठी आणि वर चार बोटं. चारी बाजूंनी एवढं सुटत असेल तर टेबल घ्या, नसेल तर मुकाट्याने एक माप खाली या. हे मी टेपने कधी मोजत नसे. माझी स्वतःची जुनी काठी होती क्लबातली, ती जमिनीवर टाकायची, पुढे चार बोटं टेकवायची आणि निकाल द्यायचा. कोणी टेप काढली की मी म्हणायचो, "टेप भिंत मोजते, काठी खेळ मोजते." हे वाक्य मला इतकं आवडायचं की नवीन गिऱ्हाईक भेटलं की ते कधी टेप काढतंय याची मी वाट बघायचो.

घोलवडच्या बाजूला एक शेठ होते, चिकूची मोठी वाडी. त्यांना सात फुटी मावेल अशा दिवाणखान्यात नऊ फुटी हवं होतं. मी समजावलं, हिशेब सांगितला, पण ते एकच म्हणत राहिले, मोटुंज जोईए, मोठंच हवं. शेवटी मी खडूने जमिनीवर नऊ फुटी टेबल आखलं, कडेला वाडीतलाच एक कच्चा चिकू ठेवला आणि शेठच्या हातात काठी दिली. म्हटलं, गुडघे टेका आणि मारा. पहिले दोन फटके त्यांनी जपून मारले. तिसऱ्याला जोर केला आणि काठीच्या बुडाने मागच्या शोकेसची काच गेली. आवाज ऐकून शेठाणी बाहेर आल्या, जमिनीवर रांगणाऱ्या नवऱ्याकडे बघितलं आणि मला गुजरातीत विचारलं की सर्वांत लहान कुठलं येतं. सात फुटी बसलं. त्या घरातून मला पुढे पाच गिऱ्हाइकं मिळाली.

वरोरला बोटीवरून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. समुद्राकडे तोंड करून असलेल्या ओट्यावरच टेबल हवं म्हणून हटून बसले. खाऱ्या हवेने कापड ओलं होतं, जड होतं, बॉल रांगायला लागतात, हे मी सांगून पाहिलं. पावसाळ्यानंतर गेलो तेव्हा कापडाला बुरशी आली होती आणि बॉल खरोखर रांगत होते. गृहस्थ खूश होते. म्हणाले, बॉल हळू जातो त्यामुळे विचार करायला वेळ मिळतो.

असे किस्से पसरत गेले आणि माझं नाव झालं. तांडेल मोठं टेबल खपवत नाही, मापाचा माणूस आहे. खोटं नव्हतं ते. मोठं विकलं असतं तर मला जास्त मिळालं असतं, तरी मी लोकांना लहान घ्यायला लावायचो. या नावावर मी जगत होतो म्हणा ना.

सावे साहेब माझ्याकडे आले ते २०१५च्या दिवाळीनंतर. डहाणू रोडला रेल्वेत सिग्नलच्या खात्यात होते, सरावलीला घर बांधलं होतं. त्यांची मुलगी मानसी तेव्हा नववीत. आधीच्या बदलीच्या गावी रेल्वेच्या क्लबात ती पूल शिकली होती आणि तिथल्या शिकवणाऱ्याने सांगितलं होतं की या मुलीला हात आहे, दोन वर्षं घरी नीट सराव मिळाला तर राज्याच्या निवड चाचणीत टिकेल. इकडे बदली झाली आणि डहाणूत टेबल कुठे? सावे साहेबांनी पाहुण्यांसाठी बांधलेली मागची खोली रिकामी केली. त्या माणसाने आयुष्यात स्वतःसाठी मोटरसायकलही नवी घेतली नव्हती.

ते सिग्नलवाले, म्हणजे अंदाजाने काही करणाऱ्यातले नव्हेत. खोलीचा नकाशा त्यांनी चौकटीच्या कागदावर काढून ठेवला होता. रुंदी सव्वातेरा फूट. मला म्हणाले, "तांडेल, माझ्या हिशेबाने सात फुटी व्यवस्थित बसतं. आठ फुटीला बाजूच्या भिंती अडतील असं वाटतं. तुम्ही बघा."

मी बघितलं. काठी टाकली, चार बोटं टेकवली, डावीकडे बसलं, उजवीकडे बसलं. आठ फुटी बसत होतं, अगदी काटोकाट. सावे साहेबांनी पुन्हा नकाशाकडे बोट दाखवलं आणि मी माझं ते लाडकं वाक्य म्हटलं. मुलीने नऊ फुटीवर चाचणी द्यायची तर सरावाला आठ फुटी बरं, हेही खरंच मनात होतं. पण त्याहून जास्त मनात हे होतं की रेल्वेच्या साहेबाच्या कागदापेक्षा माझी काठी खरी ठरावी. ते हसले, नकाशाची घडी घातली आणि म्हणाले, "तुम्ही म्हणता तर आठ."

टेबल बसलं. एक रविवार सोडून मी तिला शिकवायलाही जायचो, त्याचे पैसे घेत नसे. अशी विद्यार्थिनी मार्करच्या नशिबात येत नाही. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे आणि चुकलं की चिडायच्या आधी तिला हसू यायचं. काही महिन्यांनी मला दिसायला लागलं की बाजूच्या गादीवरून मारताना तिचा मागचा हात वर जातो. ती स्वतःच म्हणाली, "काका, भिंत लागते." मी म्हटलं, भिंत लागत नाही, तूच काठी जास्त मागे ओढतेस. पुढच्या वेळी तिने पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा सावे साहेबच म्हणाले, काकांनी मोजलंय ना, मग कारणं द्यायची नाहीत. त्यानंतर ती भिंतीबद्दल काही बोलली नाही.

२०१७च्या फेब्रुवारीत तलासरीला एका कंत्राटदाराच्या नव्या घरी माप घ्यायला गेलो होतो. बरोबर लक्ष्मण होता, तलासरीजवळच्या एका पाड्यावरचा सुतार, माझ्याच वयाचा. टेबलाच्या कापडाखालच्या दगडी पाट्या उचलायला मी त्याला नेहमी न्यायचो. कंत्राटदाराला भिंतीत कपाट करायचं होतं म्हणून लक्ष्मण टेप घेऊन मोजत होता आणि मी काठी टाकून. आमची मापं जुळेनात. मी म्हटलं, तुझ्या टेपच्या टोकाचा आकडा सैल झालाय. त्याने आपली जुनी घडीची लाकडी फूटपट्टी काढली, माझी काठी जमिनीवर ठेवली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादा, साडेचोपन्नच भरते. तुमची काठी खुटली."

काठी खुटते कशी, तर अशी. टोकाला कातड्याची टिप असते, तिच्याखाली एक पांढरी टोपी. आमच्या दमट हवेत ती टोपी तडकते. मग ती कापायची, लाकूड थोडं तासायचं, नवीन बसवायची. प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण इंच जातं. एकदा टेम्पोच्या दारात टोक चेपलं तेव्हा मी दीड इंच एकदम कापलं होतं. बुडाचं रबर तर कधीच पडलं होतं. हे सगळं माझ्याच हातांनी केलेलं. क्लबात शंभर लोकांच्या काठ्या मी दुरुस्त करून परत मोजून द्यायचो. स्वतःची कधी मोजली नाही, कारण मोजायचं साधनच ती होती.

साडेतीन इंच. म्हणजे माझी ती चार बोटं त्यात गेली आणि वर थोडं. घरी येताना टेम्पोत मी एकेक घर आठवत होतो. बहुतेकांकडे जागा ऐसपैस होती, कुठे काही बिघडलं नव्हतं. काटोकाट फक्त एकच घर होतं.

पुढच्या रविवारी खिशात टेप घालून सरावलीला गेलो. मानसी दहावीच्या शिकवणीला गेली होती. कापड झाडतो म्हणून खोलीत शिरलो आणि मोजलं. गादीपासून भिंत साडेसत्तावन्न इंच. दोन्हीकडे तेवढंच. त्या खोलीत अठ्ठावन्न इंचांची काठी सपाट धरणं कोणालाच शक्य नव्हतं. ती मुलगी खरंच सांगत होती.

आता यात जगबुडी नव्हती, हे मला लिहायलाच हवं. चूक कोणाच्याही हातून होते. त्याच दिवशी बाहेर येऊन म्हटलं असतं, साहेब, माझं माप चुकलं, तर आठ दिवसांत टेबल बदलून सात फुटी बसवता आलं असतं. तेही नको तर त्या कडेच्या फटक्यांसाठी आखूड काठी मिळते, अठ्ठेचाळीस इंचांची. चाचणीला आठ महिने होते, हाताची सवय मोडायला ते पुरले असते. मी आखूड काठी विकत आणलीसुद्धा. ती टेम्पोत सीटच्या मागे पडून राहिली. दिली तर सावे साहेब विचारणार, आखूड कशाला? आणि मग सगळं बाहेर येणार. तांडेलाची काठी खुटली, हे वापीपर्यंत पोचायला दोन दिवस लागले नसते. मी कल्पनेत शेठना हसताना बघत होतो.

आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी मी आज हे लिहिलं नसतं. त्याच उन्हाळ्यात सावे साहेबांनी मला ओसरीवर बसवून विचारलं, वर्षभर सांगतोय तरी हिचा हात वर का जातो? काळजीने विचारत होते. खरं सांगून टाकायला एवढं चांगलं दार माझ्यासाठी कोणी उघडलं नसतं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, "काहींचा हात असतोच तसा, साहेब. बसत नाही."

बोलून मान वळवली तर मानसी दारात उभी होती. ती आत निघून गेली.

चाचणी ऑक्टोबरात होती. सावे साहेबांनी आग्रहाने मला बरोबर नेलं. मोठा हॉल, नऊ फुटी टेबलं, दोन टेबलांमध्ये इतकं अंतर की बैलगाडी फिरली असती. पहिला सामना ती जिंकली. दुसऱ्यात बॉल बाजूच्या गादीला जाऊन बसायला लागले आणि मला पुढे बघवेना, पण बघत राहिलो. तिच्या मागे बारा फूट मोकळी जागा होती. तरी ती वाकली की तिचं कोपर वर जायचं, काठी तिरकी व्हायची आणि पांढरा बॉल वळायचा. मी सरावलीच्या खोलीतली भिंत तिच्या हातात घालून दिली होती आणि ती भिंत तिच्याबरोबर इथवर आली होती. शेवटचे तीन बॉल तिने मारायचे म्हणून मारले.

परत येताना गाडीत सावे साहेबच बोलले. रागावून नव्हे, समजूत काढायची म्हणून म्हणाले की काका म्हणाले तेच खरं, तुझा हात बसत नाही, त्यात तुझा दोष नाही, आता अभ्यासाकडे बघ. मानसीने खिडकीकडे तोंड करून बरं म्हटलं. मी पुढच्या सीटवर होतो. मला तेव्हाही तोंड उघडता आलं असतं.

तिने खेळ सोडला. मी जाणं सोडलं. काठी मात्र नवीन घेतली आणि टेपही बाळगायला लागलो. लोकांना त्यातही माझा काटेकोरपणाच दिसला.

२०१८च्या नोव्हेंबरपासून आमच्याकडे भूकंपाचे धक्के बसायला लागले. डहाणू, तलासरीची माणसं थंडीत अंगणात झोपत होती. टेबलं हलली, पाय सरकले, आणि मी पाणसळ घेऊन घरोघर टेबलं समतल करत फिरत होतो. जानेवारीत सावे साहेबांचा फोन आला. टेबल विकायचं होतं, संध्याकाळी उंबरगावचं गिऱ्हाईक बघायला येणार होतं, त्याआधी सारखं करून द्याल का, असं त्यांनी विचारलं.

टेबलावर प्लायवूड टाकलेलं होतं आणि त्यावर मानसीची बारावीची पुस्तकं. तिने ती स्वतःच उचलली, प्लायवूड काढायला हात लावला. सावे साहेब अंगणात फोनवर बोलत होते. मी खाली बसून एका पायाखालची चकती फिरवत होतो. ती चहा घेऊन आली, तो खिडकीत ठेवला आणि थोडी घुटमळली. मग म्हणाली, "काका, सॉरी. तुमचे इतके रविवार फुकट गेले माझ्यापायी."

मी खाली बसलेलोच होतो, ते बरं झालं. तसाच बसून मी तिला सगळं सांगितलं. काठी, साडेतीन इंच, टेप, साडेसत्तावन्न. ती ऐकत होती. सांगून झाल्यावर तिने विचारलं, "म्हणजे माझा हात बरा होता?"

मी म्हटलं, उत्तम होता.

"तुम्हाला कधी कळलं?"

या प्रश्नाला काहीतरी गोलमोल उत्तर द्यावं असं त्या क्षणीही माझ्या मनात आलं, हे इथे कबूल करतो. पण सांगितलं. चाचणीच्या आठ महिने आधी. ती दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवून उभी राहिली. मग दाराकडे बघून म्हणाली, "बाबांना सांगा. आत्ता सांगा, मी इथेच आहे."

सावे साहेब आत आले आणि मी दुसऱ्यांदा सांगितलं. पहिल्यांदापेक्षा हे जड गेलं, कारण ते मध्येमध्ये मान हलवत होते, नेहमी माझं ऐकताना हलवायचे तशी. मी थांबल्यावर मानसी हळूच म्हणाली, "बाबा, मी सांगत होते ना, भिंत लागते."

ते तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता मला बोलतील, शिव्या देतील, आणि मला तेच हवं होतं. ते माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. बोलले ते तिच्याकडे बघतच, अगदी सावकाश. "मी स्वतः मोजलं होतं. तूही सांगत होतीस. मी यांच्यावर विश्वास ठेवला आणि तुझ्यावर नाही ठेवला."

मानसी रडली ती तेव्हा. ते तिच्याजवळ गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. मी पाणसळ पिशवीत घातली. एक पाय सारखा करायचा राहिला होता, तो तसाच राहिला.

फाटकापर्यंत सावे साहेब मला सोडायला आले. कोणीही आलं गेलं तरी ते फाटकापर्यंत येतात. मी टेम्पोत बसलो, काच खाली केली, माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात जोडले आणि कोणाही पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाले, "या." मी त्या घरी परत गेलेलो नाही.